शूटिंगवाल्यांचा इतिहास



इतिहासाच्या साधनांवरची ही व्याख्यानमाला. पहिल्या दिवशी आपण बखरींविषयी ऐकलंत, काल ताम्रपटांविषयी. कार्यवाहांनी मला माझा विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "व्हिडिओ शूटिंगवाले." फोनवर जरा वेळ काही ऐकू आलं नाही. मग ते म्हणाले, "सर, म्हणजे लग्नातले?" हो, लग्नातलेच. खांद्यावर कॅमेरा, मागे दिवा धरलेला एक पोरगा, आणि "जरा इकडं बघा" म्हणत अंतरपाटाच्या आणि आपल्या मध्ये येणारा तो माणूस. आपण सगळे त्याच्यावर वैतागलेले आहोत. मीही.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. यंत्रातलं मला जे थोडंफार कळतं ते आमच्या गावच्या एका शूटिंगवाल्यांकडून. साठी उलटून गेली त्यांची. नाव घेऊ नका म्हणाले, म्हणून आपण त्यांना नुसतं भाऊ म्हणू. मी त्यांच्याकडे गेलो तो अभ्यासासाठी नाही, घरच्या कामासाठी. माझ्या मुलीचं लग्न मे २००२ मध्ये झालं. शूटिंग भाऊंनीच केलं होतं. माझी आत्या तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांची, आमच्याच घरी असायची. ती २००६ साली गेली. तिचे फोटो तीन-चार आहेत, आवाज मात्र कुठंच नाही. गेल्या वर्षी मुलगी म्हणाली, "बाबा, माझ्या लग्नात आजी बोललीच असेल की." म्हणून लग्नाच्या तीनही व्हीसीडी लावून बसलो. साडेतीन तासांत आत्या एकदाही नाही. म्हणून भाऊंकडे गेलो. तिथं काय झालं ते शेवटी सांगतो, कारण त्याआधी हा माणूस आपल्या गावात आला कुठून, ते पाहायला हवं.

व्हिडिओच्या आधीही हलती चित्रं घरी काढता येत होती. १९६५ साली सुपर ८ फिल्म आली. तिचं एक नळकांडं जेमतेम सव्वातीन मिनिटांचं. फिल्म महाग, धुवायला पाठवावी लागायची, म्हणून ती गिरणीमालकांच्या आणि डॉक्टरांच्या घरची गोष्ट राहिली. सव्वातीन मिनिटंच हातात असली की माणूस विचार करून बटण दाबतो. १९६७ साली सोनीचा पोर्टापॅक आला, म्हणजे खांद्याला लटकवायचा रेकॉर्डर आणि हातात कॅमेरा. अमेरिकेतल्या कलावंतांनी आणि चळवळीतल्या लोकांनी तो उचलला. आपल्याकडे त्याचा पत्ता नव्हता. पुढे १९७६ साली जपानात जेव्हीसीनं व्हीएचएस कॅसेट आणली. दोन तासांची फीत, धुवायची भानगड नाही, नको असेल तर पुसून परत वापरा. म्हणजे काय टिपावं हा काटकसरीचा प्रश्न उरला नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला मोठा सांधा हाच आहे. पुढचं डिजिटल वगैरे त्याच्यापुढे लहान.

कॅमेरा आणि रेकॉर्डर एकाच खोक्यात आले ते १९८३ साली, सोनीच्या बेटामूव्हीत. गंमत अशी की त्या यंत्राला नुसतं टिपता यायचं, टिपलेलं दाखवता यायचं नाही. दुसऱ्याच वर्षी जेव्हीसीनं दाखवणाराही कॅमेरा काढला. १९८५ साली सोनीची ८ मिलिमीटरची फीत आली आणि 'हँडीकॅम' हे नाव तिथूनच पुढे आलं. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९८२ ला दूरदर्शन रंगीत झालं, नोव्हेंबरात दिल्लीला आशियाई स्पर्धा झाल्या, आणि रंगीत टीव्ही, व्हीसीआर घरात येऊ लागले. व्हिडिओ लायब्रऱ्या निघाल्या. कोकणात आखाती देशांतून सुट्टीवर येणाऱ्यांच्या सामानात कॅमेरे यायला लागले. यंत्र आलं, पण ते चालवणार कोण?

फोटो स्टुडिओवाला चालवील असं तुम्हाला वाटेल. भाऊंच्या सांगण्यावरून आमच्या भागात तसं फारसं झालं नाही. जुन्या स्टुडिओवाल्यांना हे काम हलकं वाटलं. या धंद्यात आले ते रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे, ऑर्केस्ट्रात माईक लावणारे, व्हिडिओ लायब्ररीच्या गल्ल्यावर बसणारे, आयटीआय करून घरी बसलेले. नोकरी कुणाचीच नाही. इंग्रजीत ज्याला फ्रीलान्स म्हणतात ते हेच, पण गावात तो शब्द कुणी वापरला नाही. 'शूटिंगवाला' हीच त्याची पदवी, आणि पत्ता म्हणजे एखाद्या झेरॉक्सच्या दुकानातलं टेबल. भाऊंनी पहिला कॅमेरा दोघांत मिळून घेतला, पतसंस्थेचं कर्ज काढून. पॅनासॉनिकचा, पूर्ण आकाराची व्हीएचएस कॅसेट पोटात घेणारा. "कॅमेरा खांद्यावर पाहिजे," भाऊ म्हणाले, "हातात मावला तर लोकांना वाटतं पैसे कशाचे घेतो." पुढे लहान आणि चांगले कॅमेरे आले तरी हा पूर्वग्रह गेला नाही.

धंदा सगळा तिथींचा. तुळशीचं लग्न लागलं की काम सुरू, आषाढ आला की बंद. दाट तिथीला एका दिवसात तीन लग्नं, आणि मग चार महिने रिकामे. त्यात गणपती, शाळेची स्नेहसंमेलनं, एखादं मंत्र्याचं भूमिपूजन. यातलं तंत्र कुणी शिकवलं नव्हतं. व्हाईट बॅलन्स म्हणजे कॅमेऱ्याला 'पांढरं कशाला म्हणायचं' ते सांगणं. हॅलोजनचा 'सनगन' दिवा पिवळट, मांडवात बाहेरून येणारा उजेड निळसर. कॅमेऱ्याला एकदा सांगावं लागतं, नाहीतर नवरी निळी दिसते. त्यासाठी पांढरा कागद धरतात. भाऊ गुरुजींच्या उपरण्यावर कॅमेरा धरायचे. एकदा उपरणं बरंच मळकं निघालं आणि अख्खं लग्न निळसर आलं. वरपक्षानं उरलेले पैसे दिले नाहीत.

सगळं टिपून झालं की 'मिक्सिंग'. मुंबई-पुण्याच्या स्टुडिओत जे एडिटिंग, ते गावात मिक्सिंग. दोन व्हीसीआर, मध्ये मिक्सर, बदामाच्या आकारातून नवरा-नवरी उगवणार, आणि सगळ्यावर सिनेमाची गाणी. हे गाण्यांचं मी तेव्हा हसण्यावारी नेलं होतं. आज त्याचा फार राग येतो. मंगलाष्टकं सोडली तर त्या कॅसेटमधून माणसांचे आवाज पुसलेले आहेत. हजारो घरांतल्या आज्या, मावश्या, आचारी, वाजंत्री ओठ हलवताना दिसतात आणि ऐकू येतं ते सिनेमातलं गाणं. पण हे शूटिंगवाल्यांच्या माथी मारू नका. गाणी नसतील तर "कॅसेट मुकी दिली" म्हणून भांडायला आपणच जात होतो.

१९९५ साली डीव्ही आली, म्हणजे डिजिटल व्हिडिओ. सोनीचा व्हीएक्स-१००० हा तिच्यातला गाजलेला पहिला कॅमेरा, तीन सीसीडींचा, लाल-हिरवा-निळा वेगवेगळा वाचणारा. फीत पाव इंच रुंद, कॅसेट काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, एक तासाची. चित्र आता लहरींऐवजी आकड्यांत. व्हीएचएसची नक्कल काढली की चित्र विटायचं, नकलेची नक्कल तर भुतासारखी. आकड्यांची नक्कल विटत नाही. फायरवायर नावाच्या एका वायरीतून ते आकडे संगणकात उतरवता यायचे. तासाला सुमारे १३ जीबी. भाऊंनी २००१ च्या सुमारास सोनीचा पीडी-१५० घेतला, आणि ४० जीबीची डिस्क असलेला संगणक. माझ्या मुलीच्या लग्नाच्या चार कॅसेट झाल्या होत्या, म्हणजे ५२ जीबी. मावणार कशा? दोन उतरवायच्या, कापायच्या, जोडायच्या, मूळ फाइली पुसायच्या, मग पुढच्या दोन. रात्री रेंडरिंगला लावून संगणकाशेजारीच झोपायचं, वीज गेली की पहिल्यापासून.

आणि एवढं करून गिऱ्हाइकाला द्यायचं काय, तर व्हीसीडी. डीव्हीच्या एका चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके, व्हीसीडीत ३५२ गुणिले २८८. म्हणजे साधारण चौथा हिस्सा. आपण घरी जपून ठेवलेलं लग्न हे टिपलेल्या लग्नाचा पाव भाग आहे, आणि तोही कापलेला. उरलेलं सगळं कच्च्या कॅसेटमध्ये, शूटिंगवाल्याच्या कपाटात. तिथंही ते राहीलच असं नाही. डीव्ही कॅसेट महाग. "संगणकात आलं ना," म्हणून तीच कॅसेट पुढच्या लग्नाला. नक्कल विटत नाही अशी फीत हातात आली आणि लोकांनी मूळच पुसायला सुरुवात केली. भाऊंच्या कपाटात २००० नंतरच्या लग्नांपेक्षा ९० सालच्या आसपासची लग्नं जास्त शाबूत आहेत.

लग्नाचाच कॅमेरा दुसऱ्या कामी लागल्याची उदाहरणं आपल्याजवळच आहेत. मालेगावचं सगळ्यांना माहीत आहे. शेख नासिर हे तिथले, व्हिडिओ पार्लर चालवणारे, लग्नाचं शूटिंग करणारे. त्यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' केला, पन्नासएक हजारांत. नट म्हणजे यंत्रमागावरचे कामगार, शुक्रवारी माग बंद असतात तेव्हा मोकळे. फैजा अहमद खान यांनी त्यांच्यावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला. त्यात ट्रॉलीच्या जागी सायकल आहे आणि क्रेनच्या जागी बैलगाडी. लोक हसतात. मी तो पाहिला तेव्हा मला दिसली ती शूटिंगवाल्याची सवय: जे मांडवात आहे त्यावर भागवायचं, कारण मुहूर्त थांबत नाही.

अहमदाबादला 'सेवा' संघटनेनं १९८४ सालीच व्हिडिओ सेवा सुरू केली. न्यूयॉर्कच्या मार्था स्टुअर्ट यांनी येऊन वीस बायकांना कॅमेरा शिकवला. त्यांतल्या कितीतरी लिहा-वाचायला न शिकलेल्या. भाजी विकणाऱ्या लीलाबेन दातनिया त्यांतल्या एक. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' चौदा वर्षांच्या चित्रणातून २०११ साली उभा राहिला, त्याची सुरुवात १९९७ च्या रमाबाई नगरातल्या गोळीबारापासून. ही नावाजलेली माणसं. पण भाऊंनीही पुराच्या वेळी पंचनाम्याला कॅमेरा चालवला आहे, निवडणुकीत आचारसंहितेच्या पथकाबरोबर जीपमधून हिंडले आहेत. सकाळी हळद, दुपारी पंचनामा. एकदा त्यांना कोर्टानं साक्षीला बोलावलं. विचारलं काय, तर कॅसेट तुमच्याच ताब्यात होती का, कुणी कापाकापी केली नाही ना. आयटी कायद्याबरोबर २००० साली पुराव्याच्या कायद्यात ६५-ब हे कलम आलं आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडणं आलं. चित्र स्वतः बोलत नाही, त्याच्यासाठी माणसानं बोलावं लागतं.

इथं माझा विषय थोडा आत शिरतो, माफ करा. न्यायदर्शनात स्मृतीला प्रमा मानत नाहीत. ती आधीच्या अनुभवाची उसनवारी आहे, नवं ज्ञान नाही. शब्द मात्र प्रमाण, पण तो आप्ताचा असेल तर. आप्त कोण? वात्स्यायन म्हणतात त्याचा मतितार्थ असा की ज्यानं वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. मग तो ऋषी असो, आर्य असो की म्लेंच्छ. जातकुळी विचारलेली नाही. मी चाळीस वर्षं हे फळ्यावर लिहीत आलो. शूटिंगवाला आप्त आहे का, हा प्रश्न मात्र मला कधी पडला नाही. जाणलं तर त्यानंच असतं, दोन्ही डोळ्यांनी नसलं तरी एका. पण जसं जाणलं तसं सांगायची त्याला मोकळीक कुठं होती? पैसे देणाऱ्याची यादी त्याच्या खिशात असायची.

आणि चित्रावर हक्क कुणाचा? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं १७ वं कलम सांगतं की पैसे देऊन करवून घेतलेल्या चित्रीकरणाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ते करवून घेणारा. म्हणजे ती लग्नं कायद्यानं आपली. कॅसेट मात्र भाऊंच्या कपाटात. गंमत म्हणजे वीस-वीस वर्षं एकही मालक आपली वस्तू मागायला आला नाही. काहींनी तर तयार कॅसेटही नेल्या नाहीत. उरलेले पैसे द्यायचे नव्हते, किंवा लग्नच टिकलं नाही.

२००८ साली कॅननचा ५डी मार्क-२ आला, फोटोचा कॅमेरा व्हिडिओही काढू लागला, मागची पार्श्वभूमी धूसर करून. मुलं 'सिनेमॅटिक' म्हणू लागली, खांद्यावरचा कॅमेरा हास्यास्पद ठरला. एका वेळी फार तर बाराएक मिनिटं टिपायचा तो. म्हणजे बघा, सुपर ८ सारखंच पुन्हा, विचार करून बटण दाबायचं. मग मोबाईल आले. त्याविषयी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

जुलै २०१६ मध्ये जपानच्या फुनाई कंपनीनं व्हीसीआर बनवणं थांबवलं. जगात तो बनवणारी ती शेवटची. २०१९ साली युनेस्कोच्या एका प्रकल्पानं इशारा दिला की २०२५ च्या सुमारास चुंबकीय फिती वाचणं बहुतेकांना अशक्य होईल. फीत नासेल म्हणून नाही फक्त, ती वाजवणारं यंत्र, त्याचे सुटे भाग आणि ते दुरुस्त करणारा माणूस मिळणार नाही म्हणून. २०२५ उलटलं, भाऊंचा पीडी-१५० अजून चालतो. ते त्याचाच प्लेअर म्हणून वापर करतात, कारण वेगळा डेक त्यांना कधी परवडला नाही. फायरवायरचं कार्ड बसवलेला एक जुना संगणक त्यांनी याच कामासाठी जिवंत ठेवला आहे. व्हीएचएसची फीत खराब झाली की चित्रावर रेघा येतात, माणूस तरी कळतो. डीव्ही बिघडली की चित्राचे चौकोन होतात आणि त्या चौकोनांत काहीच नसतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात फितीवर बुरशी धरते, ती तशीच लावली तर कॅमेऱ्याचं हेडही जातं. म्हणून तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर कॅसेट असतील तर कृपा करून कुणाच्या तरी जुन्या कॅमेऱ्यात घालून 'चालते का बघू' असं करू नका. आधी जाणत्याला दाखवा.

तर आत्याचं.

भाऊंनी माझं ऐकून घेतलं आणि ड्रॉवरमधून एक फाइल काढली. प्रत्येक लग्नाची चिठ्ठी त्यांनी जपलेली आहे, कुणाला 'घ्यायचं' त्याची. माझ्या मुलीच्या लग्नाची चिठ्ठी माझ्याच अक्षरात आहे. प्राचार्य, विद्यापीठातले दोन विभागप्रमुख, व्याह्यांकडची नऊ माणसं नावानिशी, आमदार आले तर आमदार. एकवीस नावं. आत्याचं नाही. ती सव्विसाव्या वर्षी विधवा झालेली, मांडवात पुढे येत नसे. ती आपणहून आली नाही आणि आम्ही कुणी तिला बोलावलं नाही. मी त्या वर्षी स्त्रीप्रश्नाच्या तात्त्विक बाजूवर दोन निबंध वाचले होते. भाऊ चिठ्ठी माझ्या हातात देऊन काही बोलले नाहीत, चहा सांगायला बाहेर गेले.

चारपैकी तीन कॅसेट पुसून वापरलेल्या निघाल्या. तिसऱ्या क्रमांकाची उरली होती, तिच्यावरही शेवटी दुसरं काहीतरी चढलेलं. आम्ही ती पूर्ण बघितली. जेवणाच्या पंगती, आहेर, प्राचार्य, मी. मग एका ठिकाणी चित्र आडवं झालं. या कॅमेऱ्यांत टिपणं सुरू करायचं आणि थांबवायचं बटण एकच. भाऊंना जेवायला बोलावलं असणार, थांबवलं समजून त्यांनी ते सुरू केलं आणि कॅमेरा कोठीच्या खोलीत टेबलावर ठेवून ते पानावर जाऊन बसले. चित्रात एका बाजूला पत्र्याचे डबे, वर, म्हणजे खरं तर डावीकडे, खिडकी, आणि मध्ये एक हात व अर्धं लुगडं. कोठी आत्याकडे होती. ती पाठवणीचे लाडू मोजून डब्यात भरत होती.

चेहरा दिसत नाही. आवाज स्वच्छ आहे, कॅमेऱ्याचा माईक तिच्यापासून दोन हातांवर असेल. "एकशे सोळा, एकशे सतरा," मध्ये कुणाला तरी, "अगं, झाकण तिथं नको ठेवू, मुंग्या लागतील," आणि परत "एकशे सतरा." आकडा चुकलेला नाही. एकशे एकेचाळीसला चौकोन यायला लागतात, एकशे त्रेचाळीसचा 'त्रे' ऐकू येतो, आणि तिथून कुणाच्यातरी बारशाची कॅसेट सुरू होते.

भाऊंनी ते पेन ड्राइव्हवर घालून दिलं. पैसे घेतले, ठरलेले तेवढे. त्यांच्या कपाटात अजून सुमारे चारशे कॅसेट आहेत. त्यांची यादी करायला मी दर गुरुवारी जातो. चिठ्ठ्यांवरून नावं लागतात, पण ज्यांची नावं चिठ्ठीत नाहीत ती माणसं ओळखायला त्या-त्या घरचं कुणीतरी यावं लागतं. आतापर्यंत सहा घरं आली आहेत. आपल्यापैकी कुणाचं लग्न आमच्या तालुक्यात १९८८ ते २००९ च्या दरम्यान झालं असेल, तर व्याख्यान संपल्यावर मला भेटा. वही आणली आहे.